मुकादम झोपलाय

अहो बसा, बसा, उठताय कशाला — त्या कुत्र्यावाल्या बाईंना मीच म्हटलं, तुम्ही जा आधी, तुमचं बिचारं तीन पायांवर उभं आहे, आमचं काय, आमचं झोपलंय. त्यांच्या आधी त्या पोपटवाल्यालाही मीच पुढं सोडलं. काउंटरवरची मुलगी मघापासून बघतेय माझ्याकडं, की हा माणूस डॉक्टरकडं आलाय की बाकावर पहारा द्यायला. बघू दे. तुमच्या त्या बुटांच्या खोक्यात काय म्हणालात — कासव? मग प्रश्नच मिटला, तुम्हाला घाई असणं शक्यच नाही. चांगला प्राणी निवडलात हो, विचार करून निवडलात, म्हणजे आपण त्याच्यासाठी रडायचं नाही, रडायचं काम त्याच्याकडं. — नाही, ह्या टोपल्यावरचा टॉवेल नका उचलू. राग मानू नका, पण नको. झोपलाय. उघडलं की ऊब जाते. आत कोण आहे ते सांगतो की, सांगायला थोडंच उघडावं लागतं.

गिनी पिग आहे. डुक्कर नव्हे हो, सगळे तेच म्हणतात — उंदराच्या कुळातला, सशाच्या तोंडवळ्याचा, शेपूट नाही आणि अंगात रग मात्र हत्तीची. नाव मुकादम. हे बायकोनं ठेवलेलं. फ्रिजचं दार वाजलं, पिशवी कुरकुरली, की पिंजऱ्याच्या गजांना पुढचे पाय टेकून उभा राहायचा आणि अशी शिट्टी मारायचा की बसलेली माणसं कामाला लागावीत — म्हणून मुकादम. ह्याच्या शिट्टीनं एकदा आमच्या जिन्यात पळणारा चोर जागच्या जागी थांबला, हात वर करून, त्याला वाटलं पोलीस. — हसलात. बरं, चोर नव्हता, दूधवाला होता. पण थांबला होता, एवढं खरं. आणि मुकादम करड्या-पांढऱ्या रंगाचा आहे, कपाळावर एक भोवरा आहे, त्यातले केस काही केल्या बसत नाहीत, बायको म्हणायची, हा माझ्या नवऱ्यावर गेलाय. मला तेव्हाही केस नव्हते. असो.

त्याचं ऑपरेशन इथंच झालं, ह्याच बाकावर बसलो होतो आम्ही, मी ह्या टोकाला आणि सासूबाई त्या टोकाला. मूतखडा. हो, माणसाला होतो तोच. लघवीला बसला की कुबड काढायचा आणि बारीक, सुईसारखं किंचाळायचा, आणि फडक्यावर गुलाबी डाग. एक्स-रे काढला तर पोटात पांढरा दिवा लागल्यासारखा खडा. केवढा म्हणून काय विचारता — लिंबाएवढा. — तसं नका बघू. बरं, छोट्या लिंबाएवढा. बरं, मटाराएवढा. आत्ताच खरं सांगून टाकतो, कारण सासूबाई येतीलच एवढ्यात, समोरच्या कँटीनमध्ये बाटलीत गरम पाणी भरून आणायला गेल्यात, आणि त्यांच्यासमोर माझं लिंबू चालत नाही. जन्मभर शिवणकाम शिकवलंय त्यांनी. मोजल्याशिवाय कापायचं नाही आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही. डॉक्टरांनी कौतुकानं पोटावरचे टाके दाखवले तर म्हणाल्या, लांब लांब पडलेत. डॉक्टर म्हणाले, आजी, हे विरघळून जाणारे टाके असतात. तर ह्या म्हणतात, म्हणून काय वाकडे घालायचे?

आणि मी हा असा. लोणकढी थाप मारल्याशिवाय मला पाणी गोड लागत नाही, पण तो माझा दोष नाही, तो धंद्याचा आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्ही कधी अडकलायत का लिफ्टमध्ये? अडकलात तर कळेल. लिफ्ट बंद पडली की नवा माणूस धावतो मशीनकडं. आम्ही जुने लोक आधी दाराला तोंड लावतो. आतल्याशी बोलायचं. आलंच बघा, झालंच, वायर सापडली — वायर कुठली सापडायला, अजून पेटीसुद्धा उघडलेली नसते. मग त्याला एखादी गोष्ट सांगायची, की ह्याच लिफ्टमध्ये एक नवरी अडकली होती, आणि लग्न दाराच्या फटीतनं लावलं, अंगठी फटीतनं आत सरकवली. कुठली नवरी न् कुठलं काय. पण बाहेर कुणीतरी बोलतंय म्हटलं की आतला माणूस श्वास घेत राहतो हो. तेवढंच लागतं. बाहेर आल्यावर मला आजवर कुणी विचारलं नाही, की ती नवरी खरी होती का.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. — नाही, असू दे, तुम्ही काय म्हणणार. आजारपण लांबलं होतं, म्हणून सासूबाई आल्या मुलीचं करायला, आणि मुलगी गेल्यावर राहिल्या. म्हणजे राहा असं कुणी म्हटलं नाही आणि जा असंही कुणी म्हटलं नाही, त्यांची पिशवी खुंटीला होती ती खुंटीलाच राहिली. आता आमचं दोघांचं काही भांडण नव्हतं — भांडायला बोलावं लागतं. लग्नापासून आमचं सगळं बोलणं बायकोमार्फत. त्यांना सांग चहा झालाय. आईंना म्हणावं दिवा मीच बंद करतो. समोरासमोर बसून असं. ती मध्ये बसून हसायची, म्हणायची, मी काय टेलिफोन आहे का? आणि मग टेलिफोनच गेला. किती दिवस तर घरात भांडी तेवढी बोलायची. मग एकदा मी कामावरनं आलो, हात धुतले, आणि सासूबाई पिंजऱ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, मुकादम, ह्यांना सांगा, ताट वाढलंय. मी थांबलो. काय करणार, मी पण पिंजऱ्याला म्हटलं, मुकादम, त्यांना सांगा, आलोच. आणि म्हटलं, विचारा त्यांना, गुडघ्याचं तेल संपलं का. तेव्हापासून तसंच चाललं. माझ्या थापासुद्धा मी मुकादमाला सांगायचो आणि त्या मुकादमालाच म्हणायच्या, विश्वास ठेवू नका हो.

मेहुणा दर रविवारी फोन करतो. चांगला आहे माणूस, आईला न्यायला बघतो, त्यात चूक काय? आई, आता तिथं तुझं कोण आहे? — बरोबर आहे प्रश्न. मुलगीच नाही तर जावई कोणाचा जावई? मधला धागा ओढून घेतल्यावर दोन कापडं कशी एकत्र राहतील, हे शिवणवाल्या बाईला मी सांगायचं? पण ऑपरेशन झालं त्या रविवारी त्या फोनवर म्हणाल्या, ह्या जिवाच्या पोटाला टाके आहेत, हे बरं झालं की येते. मी दाराशी चपला काढत होतो. एक काढली आणि दुसरी काढायची विसरूनच गेलो.

तर बरं व्हायचं होतं त्याला आणि करायचं होतं आम्हाला. हे सोपं नसतं हो, कासवाचं मला माहीत नाही, पण ह्यांचं पोट गिरणीसारखं — थांबलं की संपलं. सारखं थोडं थोडं आत जात राहायला हवं. ऑपरेशननंतर तो खायचाच नाही, कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. मग त्याचं कोरडं खाणं दळायचं, कोमट पाण्यात कालवायचं, खळीसारखं करायचं, बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढायचं आणि ओठाच्या कडेनं आत सोडायचं, हळू, नाहीतर ठसका लागतो. हे एकट्याचं कामच नाही. एकानं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायचं, दुसऱ्यानं भरवायचं. त्या धरायच्या. मी भरवायचो. म्हणजे बघा, आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, आयुष्यात कधी एका सोफ्यावर न बसलेली माणसं. पिंजऱ्यातलं गवत काढून त्यांनी मऊ चादरीचे तुकडे शिवून घातले, टाक्यांना टोचू नये म्हणून. मी भाजीच्या काट्यावर त्याचं वजन करायचो आणि लेंड्या बघायचो. — हो, लेंड्या. तुम्ही तोंड वाकडं करताय, पण एकदा रात्रभर ताटकळून सकाळी फडक्यावर चार काळे दाणे दिसले ना, तर आम्ही दोघं असे खूश झालो की जणू नातवंड झालं. सासूबाई म्हणाल्या, मुकादम, शाबास. आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या. लेकीसारखं हसतात हो. ते मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

थांबा, आल्या त्या. — या, सावकाश, फरशी ओली आहे. हो, झोपलाय अजून. द्या, मी ठेवतो आत — ह्या बाजूनं, पाठीला लागून. ह्यांच्याकडं कासव आहे. मी ह्यांना खड्याचं सांगत होतो. — काय म्हणालात? — ऐकलंत? मटार. सांगितलं नव्हतं मी तुम्हाला? — आधीची बाटली? हो, निवली असणार, घेऊन जा. कँटीनवाल्या बाईंना म्हणावं जरा कढत द्या. — गेल्या. पायमोज्यात घातलेली असते ती बाटली, बघितलात ना, निळा मोजा, लोकरीचा. तो बायकोचा. एकच सापडला.

काय सांगत होतो? हां, तो बरा झाला. सरळ सांगतो, मुकादम अगदी ठणठणीत बरा झाला. मी त्याला दाखवायला आणलं, एकटाच आणलं, त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते. डॉक्टरांनी पोट चाचपलं, म्हणाले, उत्तम, आता भरवू नका, आपलं आपण खाईल. एवढंच म्हणाले की हे खडे परत होऊ शकतात, लक्ष ठेवा. मी घरी गेलो. त्या टॉवेल घेऊन दारातच उभ्या. मुकादम, काय म्हणाले डॉक्टर? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — अजून काही दिवस भरवावं लागेल म्हणाले. दोघांनी मिळून. बघा, दोघांनी मिळून असं कुठला डॉक्टर सांगतो? पण त्यांनी टॉवेल अंथरला आणि बसल्या. आणि आम्ही त्या पोट भरलेल्या, गुबगुबीत प्राण्याला खळ भरवत बसलो. तो माझ्याकडं असा बघत होता, की तुम्हाला झालंय तरी काय?

आणि आता गंमत ऐका. काही दिवसांनी मी पाकीट विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतनं परत आलो, तर आत सासूबाई पिंजऱ्यासमोर बसलेल्या, आणि मुकादम गाजर खातोय. खातोय म्हणजे करवत चालवतोय, कर्रकर्र आवाज दारापर्यंत. मी तसाच उलट्या पावली बाहेर. संध्याकाळी आलो तर म्हणतात, मुकादम, ह्यांना सांगा, सकाळपासून तोंड नाही लावलं कशाला. तोंडाला गाजराचा रंग होता हो त्याच्या, हनुवटी सगळी केशरी. मी बघितली. त्यांनी मला बघताना बघितलं. आणि पदरानं ती हनुवटी पुसून टाकली. मी म्हटलं, मग भरवायलाच हवं. जन्मात जी बाई वीतभर कापडाबद्दल खोटं बोलली नाही, ती. मला त्या दिवशी थाप काय असते ते कळलं. आमचं मग सुरूच झालं — आज त्या म्हणायच्या खाल्लं नाही, उद्या मी म्हणायचो जरा मलूल वाटतोय, आज त्या म्हणायच्या बसायची ढब ठीक वाटत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि भांडं दोघांच्याही हातात. रविवारी फोन आला की त्या म्हणायच्या, अजून अशक्त आहे रे. मी आतनं ऐकायचो. बरं वाटायचं. काय वाईट होतं ह्यात, तुम्हीच सांगा. कुणाचं काय जात होतं?

परवा सकाळी त्या म्हणाल्या, मुकादम आज खरंच खात नाही. मी म्हटलं, हो का, अरेरे, आणि डबा घेऊन निघालो. जाताना जरा हसलोसुद्धा, की आज 'खरंच' लावलं, बाई सुधारतायत. संध्याकाळी मी त्याला बघितलं, कुबड काढून बसलेला, आणि म्हटलं, अहो, हा खरंच बरा दिसत नाही. त्या म्हणाल्या, हं, आणि टॉवेल घडी घालत राहिल्या, तोच चेहरा, रोजचा. मला वाटलं त्यांनी भरवलं असेल. त्यांना वाटलं मी भरवेन. मला वाटलं, ह्या माझ्याशी खेळतायत, त्यांना वाटलं, हा खेळतोय. 'खरंच' हा शब्द आम्ही दोघांनी मिळून इतका वापरला होता, की त्याला धारच राहिली नव्हती, शिवणाची कात्री कागदाला वापरावी तशी. काल सकाळी फ्रिज उघडला आणि शिट्टी आली नाही. दोघं फ्रिजसमोर उभे. दार उघडंच. आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं तेव्हा कळलं, की आदल्या दिवशी कुणीच थाप मारलेली नव्हती.

नाही, कालच आलो असतो, डॉक्टर काल नव्हते, दार बंद. काल दिवसभर भरवलं, खरं भरवलं, पण गिळतच नव्हता, कडेनं बाहेर यायचं. खडा परत झाला असणार. त्यात आमचं — डॉक्टर म्हणाले होते ना, परत होऊ शकतात. होतात. ते आमच्यामुळं नाही. दोन दिवस आधी आणलं असतं तर — ते मला माहीत नाही. ते मी विचारणारही नाही.

आज उजाडल्याबरोबर टॅक्सी केली. टोपलं आमच्या दोघांच्या मध्ये, टॉवेलाच्या खाली एक हात माझा, एक त्यांचा. तो दात वाजवत होता, बारीक, कुणीतरी लांबच्या खोलीत शिलाई मशीन चालवावं तसं. मी त्याला गोष्ट सांगत होतो. तीच, लिफ्टमधल्या नवरीची. दुसरी काही आठवेचना. पुलावर सिग्नलला टॅक्सी थांबली, आणि मशीनही थांबलं. माझा हात आत होता. त्यांचाही होता. सिग्नल सुटला, गाडी निघाली. आम्ही दोघांनीही हात काढला नाही. मग थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, जरा गार लागतोय हाताला, पोचल्यावर बाटली करून आणते.

तेव्हापासून त्या बाटल्या भरतायत. जातात, भरतात, आणतात, मी आत ठेवतो, निवली की परत जातात. गुडघे दुखतायत तरी जातात. गरम आहे आत, तुम्ही हात घातलात ना, तर एकदम उबदार लागेल. म्हणून म्हटलं, टॉवेल नका उचलू. डॉक्टरांनी उचलला की ते दोन शब्द बोलणार, आणि मग ते शब्द ऐकलेले होणार. मग रविवार. मग खुंटीवरची पिशवी. अजून काय आहे, की मुकादम झोपलाय. ते कुणाला खोटं आहे असं सिद्ध करता येत नाही, जोपर्यंत मी इथं बसलोय. — रडू नका हो. तुम्ही कासववाले ना? तुम्ही कशाला?

हाक आली. हो, ऐकलं, मुकादम म्हणाली ती. — अहो ताई, ह्यांना घ्या आधी, ह्यांचं कासव आहे, खूप वेळ बसलेत बिचारे. — घ्या हो, माझा नंबर घ्या, फुकट आहे. कासवानं कुणाला तरी मागं टाकलं, घरी जाऊन सांगायला होईल. — नको म्हणताय? थांबा, ह्या आल्याच. सासूबाई, तुम्हीच सांगा ह्यांना. — बघा. त्याही तेच म्हणतायत, झोपलाय, तुम्ही जा. ह्या कधी खोटं बोलत नाहीत. जा, जा, दार उघडं ठेवलंय तिनं.

बसा. गेले कासववाले, टेका पाठ. बाटली द्या, मी — का? राहू दे म्हणता? बरं, राहू दे. इथं ठेवतो, बाकावर.

काय म्हणालात?

मी? मला विचारताय?

नाही. सकाळपासून काही नाही खाल्लं. — खरंच.